फाइलीत सगळ्यात वरचं पत्र

“फ्राउ केलरनी डेटाशी खेळ केलाय. तसं रिपोर्टमध्ये लिहा,” हेर लिंडनर म्हणाले आणि त्यांनी माझ्यापुढे कॉफी सरकवली.

इतक्या दिवसांत या माणसाने मला साधं पाणी विचारलं नव्हतं. आज कॉफी! म्हटलं, इथे नक्की काहीतरी शिजतंय.

हेर म्हणजे इथे जर्मनीत श्रीयुत, आणि फ्राउ म्हणजे श्रीमती. लिंडनर हे कारखानदारांच्या एका जुन्या संघटनेचे मॅनेजर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संघटनेने मंत्र्यांना, खासदारांना लिहिलेली पत्रं आणि त्यांना आलेली उत्तरं तळघरात पडून होती. संघटनेने ती स्कॅन करून घेतली होती, आणि ती शोधता येतील असं सॉफ्टवेअर बसवायचं काम आमच्या एश्बॉर्नच्या ऑफिसकडे होतं. फ्राउ केलर संघटनेच्या नव्या आर्किव्हिस्ट, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या. अजून प्रोबेत्साइटमध्ये होत्या. त्या सुरुवातीच्या काळात इथे कारण न देता माणसाला घरी पाठवता येतं.

भांडण एका मसुद्यावरून होतं. कामाच्या तासांच्या कायद्यात काय बदल हवेत, ते संघटनेने मंत्र्यांना लिहून दिलेलं. त्यावर तारीख नाही. मंत्र्यांच्या पत्रात एवढंच, की आपल्या सूचनांचं स्वागत आहे. संघटनेच्या वर्धापनदिनाच्या पुस्तकात छापायचं ठरलं होतं, की मंत्र्यांनीच आधी गळ घातली, मग आम्ही नाइलाजाने मसुदा दिला. स्कॅनमध्येही तोच क्रम होता. केलरनी सॉफ्टवेअरमध्ये अख्खा गठ्ठा उलटा लावला आणि गोष्टच फिरली. आता कायदा आधी कारखानदारांनी लिहिला होता, आणि मंत्र्यांनी नंतर मान डोलावली होती.

कोणी काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. लॉगमध्ये केलरचंच नाव निघालं. आता मला त्यांचाही संशय यायला लागला. बरोबर होतं तर गुपचूप का केलं?

आमच्या देशपांडे सरांना फोन लावला.

“अगं, लॉग काय म्हणतो? केलर. मग केलर लिही, सही कर, प्रोजेक्ट बंद. आपल्याला कशाला नसत्या उठाठेवी?”

“सर, बाईची नोकरी जाईल.”

“तू खोटं लिहितेयस का?”

खोटं नव्हतं, हीच तर गोम होती. मला रागच आला. फोन ठेवला आणि तळघरात उतरले.

“गुपचूप?” केलर म्हणाल्या. “मी हेर लिंडनरना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, बघू.”

त्यांच्यावर तरी विश्वास का ठेवू? म्हटलं, मूळ फाइल दाखवा. तारखा असलेली पत्रं तेवढी बघत गेले. सगळ्यात वर डिसेंबर. खाली नोव्हेंबर. त्याखाली ऑक्टोबर. दुसरी फाइल उघडली, तीही तशीच. नवा कागद आला की वर लावायचा, अशी त्या ऑफिसची रीत. स्कॅन करणाऱ्यांनी वरून सुरुवात केली, म्हणजे गोष्ट शेवटापासून वाचली! मसुदा मंत्र्यांच्या पत्राच्या खाली होता, म्हणजे आधीचा.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. देशपांडे सरही आले. मी जुन्या फायलींची रीत सांगितली.

“आल्झो, असं बघा,” लिंडनर म्हणाले, “शंभर वर्षांपूर्वी लोक फायली कशा लावायचे, कोणाला माहीत?”

त्यांच्यासमोर आमच्याच प्रोजेक्टचा जाडजूड ओर्डनर होता. असली फाइल इथल्या प्रत्येक कपाटात असते.

“हेर लिंडनर, आजचा अजेंडा काढता का?”

त्यांनी ओर्डनर उघडला. अजेंडा सगळ्यात वर.

“आणि मी तुम्हाला पाठवलेलं पहिलं पत्र?”

त्यांचा हात सवयीने थेट तळाशी गेला. आणि तिथेच थांबला.

सर उगीचच खोकले. लिंडनरना हे आधीपासून ठाऊक होतं का? देव जाणे. पण कान लाल झाले होते त्यांचे.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, “क्रम फ्राउ केलर यांनी बदलला. बदल योग्य आहे.” आणि सही केली.

केलर कायम झाल्या. पुस्तकातून ते प्रकरण गळालं. लिंडनर म्हणे पानं कमी पडली. तो गठ्ठा मी अजून अधूनमधून लोकांसाठीच्या पोर्टलवर उघडून बघते. पत्रांच्या जागी “काम चालू आहे,” एवढंच दिसतं. पुढचं काँट्रॅक्ट आम्हाला मिळालं नाही, ते सर मला अजून ऐकवतात.

मी मात्र एक शिकले. क्लायंटने स्वतःहून कॉफी दिली, तर आधी तळघरात जाऊन यावं. मग प्यावी.