माश्यांचं रेशनकार्ड

"माश्या पाळतीया ही बाई! माश्या! आन् मरत्यात आमची जनावरं!"

दूध डेअरीच्या दारात सदा मगदूम ओरडत होता. हातातल्या किटलीतलं दूध हिंदकळून त्याच्याच चपलेवर सांडत होतं, तरी त्याला शुद्ध नव्हती. रांगेत चंपाअक्का उभी होती. आमची शेजारीण, एकटी राहणारी जैन म्हातारी, तिच्या आणि माझ्या गोठ्यात एकच भिंत. तिची गुणी गाय आदल्या दिवशीच माशीनं पसरणाऱ्या लम्पी रोगानं गेली होती. सदा बोट तिच्याकडं करून ओरडत होता, आणि मी मागं उभा राहून माझ्या किटलीचं झाकण पुसत होतो. पुसलेलंच परत पुसत होतो.

ओरडत सदा होता. वाक्य माझं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, देवाला तर नाहीच — त्याला माझ्या थापा पाठ आहेत, खरं कशाला मानेल? आणि मी काय गप्प बसणारा गडी आहे होय? मी बोलायला लागलो की वाटेतली एसटी थांबते, कंडक्टर खाली उतरून ऐकतो. पंचगंगेच्या महापुरात म्हशीच्या पाठीवर बसून मी कोल्हापूरला तांबडा-पांढरा रस्सा हाणायला गेलो होतो, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता म्हैससुद्धा मान डोलावते. असा माणूस मी. आणि ही एवढी एक गोष्ट पोटात धरून बसलोय.

थांबा. बैलापासून सांगतो. — बघा, अजून वळसाच घालतोय.

आमच्या वडिलांनी खोंडांची एक जोडी वाढवली होती. पैलवान आणि वस्ताद. पैलवान एवढा दांडगा की तो शिंकला तर कागलच्या चौकात धूळ उडायची. दोघं एका दावणीला वाढले, एका घमेल्यात तोंड घालून पेंड खाल्ली. मग धाकट्या बहिणीचं लग्न झालं, हद्दीपलीकडं, कर्नाटकात. तशी हद्द म्हणजे काय, तर उसाच्या दोन फडांमधला एक ओढा. वडिलांनी वस्तादला तिच्याबरोबर आंदण दिला. त्या दिवशी पैलवाननं वैरणीला तोंड लावलं नाही. ही थाप नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली. बेंदूर म्हणजे बैलांचा सण; पलीकडचा आधी येतो, आमचा मागनं. त्यांच्या बेंदराला मी पैलवानला ओढ्यातनं चालवत बहिणीकडं न्यायचो. दोघांना शेजारी उभं करायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची. ते एकमेकांची मान चाटत उभे राहायचे आणि बहीण पदरानं डोळे पुसायची. वर्षातनं तेवढीच भेट.

त्या वर्षी लम्पी आधी पलीकडं दिसला. बाजार बंद झाले, मिरवणुका बंद झाल्या, रस्त्यावर नाका बसला. शेपूट असलेलं काहीही इकडचं तिकडं न्यायचं नाही, असा हुकूम. पण ओढ्याला कुठला नाका? मी नेला पैलवानला.

वस्तादच्या मानेवर गाठी होत्या. मी बघितल्या. आता म्हणू शकेन की झुलीखाली दिसल्या नाहीत — दिसल्या. बहीण म्हणाली, गोमाशी चावली असंल. मी म्हणालो, तसंच असंल. दोघं एकमेकांची मान चाटत होते. त्यांना मी वेगळं करायचं होतं का? करायचं होतं. इतकं सोपं उत्तर आहे त्याचं.

परत आल्यावर काही दिवसांनी पैलवानच्या गळ्याखाली गाठी उठल्या. मी त्याला गोठ्याच्या पार आतल्या कोपऱ्यात बांधला आणि गावात सांगितलं, बैल मळ्यात हाय. एका सकाळी भिंतीवरनं एक वाटी आली. आत हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटलेला. पलीकडं चंपाअक्का. "माशी बसतीया बघ रं दत्तू त्येच्या मानंवर. लाव ह्ये." एवढं बोलून गेली. म्हणजे तिनं बघितलं होतं.

ही बाई कशी, सांगू? पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्यायची. दिवस मावळायच्या आत जेवायची. गुणीच्या अंगावरच्या माश्या पंच्यानं हलकेच वारायची, पाहुण्याला वाट दाखवावी तशा. फवारा मारायची नाही, धूर केला तरी आधी खिडकी उघडायची — त्यांना जायला वाट हवी म्हणून. आणि गुणी? गुणी तिच्या हाकेला हुंकार द्यायची. घरात दुसरं हुंकार देणारं कोण होतं?

मग गुणी तापली.

जनावरांचा सरकारी डॉक्टर आला. बिचारा घामानं भिजलेला, खांद्याला लशीचा थंड डबा, दारोदार एकच विचारत होता : "हद्दीपलीकडनं कुणाचं जनावर आलंय का? मी काही करणार नाही. फक्त कळू दे, म्हणजे पलीकडच्या डॉक्टरला फोन करतो, दोन्ही अंगांनी लस टोचून रोग मधल्यामधी धरता येईल." माझ्या दारातही थांबला. मी हसून म्हणालो, "सायेब, आमचा बैल घरजावई हाय, मळा सोडत न्हाय." डॉक्टरही हसला. हसला आणि पुढं गेला. पलीकडं फोन गेलाच नाही. बहिणीच्या गावात लस पोचेपर्यंत वस्ताद गेला होता, आणि त्याच्यामागं आणखी जनावरं.

गावात कुजबुज सुरू झाली — रोग आणला कुणी? लोकांची नजर फिरत फिरत माझ्या गल्लीपर्यंत आली. त्या संध्याकाळी डेअरीवर मी माझी सगळ्यात झकास थाप मारली. म्हणालो, "चंपाअक्काच्या गोठ्यातल्या माश्यांना रेशनकार्ड हाय. दर म्हयन्याला साखर मिळती. पलीकडच्या माश्यासुद्धा नाव घालायला हिकडं याला लागल्यात!" काय हसले लोक! सदा तर खाली बसून हसला. पैलवानचं नाव त्या हसण्याखाली गडप झालं.

गुणी गेली. खड्डा काढून, चुना-मीठ टाकून पुरली. आणि दुसऱ्या सकाळी तेच हसणं सदाच्या तोंडातनं ओरडणं होऊन बाहेर पडलं.

तेव्हा रांगेत चंपाअक्कानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिनं फक्त एक वाक्य बोलणं पुरे होतं — ह्याच्या बैलाला विचारा. बोलली नाही. का नाही बोलली? मी पुष्कळ विचार केलाय. मला कळलेलं नाही. तिनं रिकामी किटली उचलली आणि घरी गेली. सवयीनं आणली होती ती, दूध कुठलं असणार?

मग लोक तिच्या दारावरनं जाताना रस्त्याची पलीकडची कड धरायला लागले. गोठ्यात गुणीची कालवड उरली होती, तिला लस टोचायला धरायलाही कोणी आलं नाही. मी आलो. मीच कसा आलो, हे गावानं कौतुकानं सांगितलं. ऐकून घेतलं मी.

एका दुपारी ती माझ्या दारात आली. "दत्तू, तुजा फवारणीचा पंप दे." मी दिला. औषधसुद्धा मीच घालून दिलं, कारण तिला प्रमाण ठाऊक नव्हतं. उभ्या जन्मात कधी लागलंच नव्हतं. तिनं तोंडाला पदर बांधला, कालवड बाहेर काढली, आत जाऊन दार लावून घेतलं. भिंतीपलीकडनं पंपाचा आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा. मी पैलवानच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होतो. पैलवान जगला. गाठी जिरल्या त्याच्या, तिच्याच हळदीनं म्हणा, नाहीतर नशिबानं.

दिवस कलल्यावर मी पंप आणायला गेलो. खरं सांगायला गेलो होतो. ती पायरीवर बसली होती. जेवली नव्हती. चूल थंड होती, आणि मावळायला थोडाच वेळ उरला होता. शेजारी सूप होतं, सुपात झाडून गोळा केलेल्या माश्या, त्यावर पांढरं फडकं. पाणी गाळायचं.

 माझ्या तोंडातनं निघालं ते एवढंच —

"माश्या गेल्या का, अक्का?"

"गेल्या."