साडूच्या मापाचा पतंग

देवानं चार माणसांची माती एकाच माणसावर खर्च केलेली बघायची असेल तर आमच्या साडूला बघायला हवं होतं. आणि माझं नशीब इतकं फुटकं की, त्या एवढ्या मातीला उतारवयात पतंगाचा नाद लागला. मी आखाडा बाळापूरला मंडप-डेकोरेशनचा धंदा करतो. कनाती, छतं, बांबू, सुतळ्या, आणि वारा सुटला की जिवाला घोर. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धरणाच्या फुगवट्याचं पाणी जिथं येऊन टेकतं तिथं त्याचं गाव, काठालाच त्याचं रान, दोन-चार शेळ्या, आणि स्वतःच्याच घराच्या दारातून अंग तिरकं करून आत जाणारा तो. मनानं म्हणाल तर लोणी. मुंगीवर पाय पडला तर दिवसभर हळहळायचा. अर्थात मुंगीचं काय व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असायचं.

गावात त्याच्या वजनाला मान होता, पण तो कामापुरता. वखर मातीत खोल जावा म्हणून लोक त्यावर धोंडा ठेवतात. त्यांच्या गावात साडूला बसवायचे. पेरणीच्या आधी सकाळी सकाळी कोणी ना कोणी दारात उभा: "चला की हो, घडीभर वखरावर बसा, ढेकळं फुटंना झालीत." आणि हा पोटात भाकरी ढकलून निघायचा. बैलगाडीचं ओझं मागं झालं की पुढं याला बसवा. चैतात वादळ आलं की शाळेच्या पत्र्यांची दोरी याच्या कमरेला बांधा. मीही लग्नाच्या तिथीला त्याला मुद्दाम बोलावून घ्यायचो. वाऱ्याच्या अंगाला जो कोपरा असेल तिथली दोरी खुर्चीच्या पायांना बांधायची, खुर्चीत साडूला बसवायचं आणि हातात बुंदीचं ताट द्यायचं. असा खुंटा जगात दुसरा नाही. एकदा मात्र तो न सांगता लघवीला उठला आणि नवरदेवाच्या मामासकट अख्खी पंगत छताखाली गेली. वरणात बुडालेलं ते छत धुताना माझी बायको जे जे बोलली ते तिच्याच बहिणीच्या नवऱ्याबद्दल होतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

एवढ्या माणसाचं दुःख कुणाला कळणार? मला ते कळलं ते ग्रामपंचायतीचा निकाल लागला तेव्हा. साडू मेंबर म्हणून निवडून आला. ढोल आले, गुलाल आला, पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायला हात घातला. एकदा 'हय्या' झालं, दुसऱ्यांदा आणखी दोघं आले, तिसऱ्यांदा एकाच्या पाठीत उसण भरली. मग त्यांनी सरळ साडूच्या धाकट्या भावाला उचललं, त्याच्या गळ्यात साडूचा हार घातला आणि गावभर मिरवलं. साडू खालून गुलाल उधळत, घामाघूम होत मागं चालला होता. हसत होता, पण मी जवळून बघितलं. त्याच्या लग्नातही तसंच झालं होतं. घोडेवाल्यानं याला बघून घोड्याची तब्येत नरम असल्याचं सांगितलं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर आमच्या दुकानात केबल आलं, आणि माझा घात तिथं झाला. साडू बाजाराला आला होता, चहा घेत बाकड्यावर बसला होता. बाकडं मी त्याच्यासाठी वेगळं, सागाचं करून घेतलेलं. टीव्हीवर समुद्र, आणि त्यावर एक गोरा माणूस पायाला फळी बांधून, कमरेला भलामोठा पतंग अडकवून सुसाट चाललेला. मध्येच वारा त्याला उचलायचा, ताडाएवढा वर न्यायचा आणि अलगद पाण्यावर ठेवायचा. साडूचा चहा बशीत थिजला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "ह्या गड्याचं वजन किती असंल?"

"मला काय ठाऊक? मी काय त्याला तोलून बसलोय?"

"न्हाई, म्हंजे वारं त्याला उचलून राहिलं. काहून? पतंग मोठा हाय म्हणून. मग माझ्या मापाचा पतंग केला तर मला काहून उचलणार न्हाई?"

मी हसलो. तो हसला नाही. बशी खाली ठेवून म्हणाला, "मेल्यावर समद्यालाच उचलत्यात, साडूभाऊ. त्यात काय मोठेपणा? मला जित्तेपणी एकदा उचलून घ्यायचंय. पाय भुईवरून सुटल्यावर कसं वाटतं, एवढंच बघायचंय." मी दुसरा चहा सांगितला.

हिंगोलीत तेव्हा नुकतीच इंटरनेटची दुकानं निघाली होती. साडू मला तिथं घेऊन गेला, कारण मी बारावीपर्यंत इंग्रजीशी झुंज दिलेली. दुकानदारानं शोधून एक तक्ता काढून दिला. डावीकडं माणसाचं वजन, वरच्या अंगाला वाऱ्याचा जोर, आणि मधल्या चौकटीत पतंग किती मीटरचा घ्यायचा ते. मी बोट खाली खाली नेत गेलो. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली कोरं. साडू स्क्रीनच्या मागं वाकून बघून आला, खाली आणखी काही दडलंय का म्हणून. जवळा बाजारला कापसाच्या काट्यावर गाडीसकट चढून त्यानं आपलं वजन पक्कं करून आणलं होतं. ते त्या तक्त्यात कुठंच मावत नव्हतं.

"म्हंजे माझ्यासारखा माणूस त्यांच्याकडं नसतोच का?" त्यानं विचारलं. दुकानदार हसला, तेव्हा मात्र मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तक्त्याखाली बारीक अक्षरात सूचना होत्या: नवशिक्यानं जोराच्या वाऱ्यात लहानच पतंग घ्यावा, वारा पाण्याकडून थेट काठाकडं येत असेल तर उतरूच नये, वजनदार माणसानं फळी मात्र रुंद घ्यावी. शेवटी लिहिलं होतं की शंका असल्यास जाणकाराला विचारावं. साडूनं फळीचं तेवढं मनावर घेतलं. "जाणकार म्हंजे तुमीच. कापडातला माणूस," असं म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझा खांदा उतरला.

मी त्रैराशिक मांडलं. नव्वदला एवढा, तर साडूला केवढा? उत्तर आलं ते नवरीच्या स्टेजमागच्या पडद्याएवढं. मी हात जोडले, "साडू, हा पडदा माझी रोजीरोटी आहे हो." पण मेहुणीनं येऊन सांगितलं, "दाजी, ह्यांनी जेवन सोडलंय. रोज चारच भाकरी खाऊन राहिलेत." चार भाकरीवर तो माणूस जगणार कसा? मी मुकाट्यानं पडदा दिला. त्याला बांबूच्या कामट्या लावल्या, नाड्याच्या दोऱ्या केल्या. रुंद फळी म्हणून साडूनं गोठ्याचं दार उचकटलं. पाऊसकाळ संपल्यावर, धरण भरलेलं असताना, मंद वाऱ्यात आम्ही पाण्यात उतरलो. पतंग वर गेला, डुलला, आणि साडू छातीएवढ्या पाण्यात दारावर उभा राहिला तो राहिलाच. दार गाळात रुतलं. वारा त्या झिरझिरीत पडद्यातून आरपार निघून जात होता. शेजारी म्हशी डुंबत होत्या, त्यांनी एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

शहाणा माणूस तिथं थांबला असता. साडूनं शेतकऱ्याचा हिशोब केला आणि तिथंच गाडं फसलं. "एका बैलानं वखर निघत न्हाई तर आपण काय करतो? जोडी जुंपतो!" मी तक्त्याची आठवण दिली, जोराच्या वाऱ्यात लहान पतंग घ्यायचा असतो म्हणालो. "चिखल वाढला म्हणून कुणी बैल कमी करतं का?" त्यानं मलाच विचारलं. झालं! ताडपत्रीचे दोन पतंग झाले. तांबडा डावीकडचा, पांढरा उजवीकडचा. दोघांच्या दोऱ्या आणून बांधल्या खऱ्याखुऱ्या बैलांच्या जूला, आणि जू साडूच्या कमरेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, तसं त्यानं जूला चोळलं. मेहुणी गोठ्याच्या उघड्या दारात उभी राहून म्हणाली, "दाजी, तुमी तरी शाने असाल वाटलं व्हतं." मलाही तसंच वाटलं होतं.

आषाढातला वारा आमच्याकडं कसा सुटतो ते ज्यानं मंडप बांधलाय त्याला विचारा. त्या दिवशी काठावर जत्रा जमली. मेंढ्या सोडून मेंढके आले, पलीकडच्या तांड्यावरून बायका आल्या, साडूच्या जागी मिरवून आलेला भाऊ आला. पाण्याकडून असा वारा येत होता की तोंडातला शब्द मागं जायचा. मी हात जोडून सांगितलं, वारा काठाकडं येऊन राहिला, आज नको. पण माझा शब्दही मागं गेला. साडू बुडू नये म्हणून पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून दारावर उभा राहिला, जू पोटाशी धरलं आणि ओरडला, "सोडा!"

पतंग उठले. क्षणभर, देवाशपथ, मला वाटलं की आता हा जाणार. साडूच्या टाचा उचलल्या गेल्या. त्याचं तोंड उघडं, डोळे वर. पण तांबडा डावीकडं ओढायला लागला आणि पांढरा उजवीकडं. न शिकवलेली जोडी ती! "हो, हो! तांबड्याऽऽ, हो!" साडू ओरडतोय, बांधावरून एक म्हातारा सांगतोय, "कासरा वढा, कासरा!" आणि तेवढ्यात दोन्ही पतंगांचं एकमत झालं, ते गावाच्या दिशेनं. साडू पाण्यातून बाहेर आला, काठ चढला, दारावर बसकण मारली आणि नुकत्याच नांगरून ठेवलेल्या शेजाऱ्याच्या रानातून डबे वाजवत निघाला. या बांधापासून त्या बांधापर्यंत ढेकूळ म्हणून राहिलं नाही. शेवटी पतंग बाभळीत अडकले, फाटले, आणि साडू थांबला.

आम्ही धावत गेलो. अंग सोलवटलं होतं, पण हाडं शाबूत. शेजारी रानाकडं बघून गंभीरपणे म्हणाला, "वखरनी झकास झाली. पल्याडच्या तुकड्यातबी एक चक्कर व्हईल का?" सगळी माणसं खो खो हसली. मीही हसलो असतो, पण साडू मातीत बसून बाभळीकडं बघत होता. हलकेच मला म्हणाला, "वढलं, साडूभाऊ. उचललं न्हाई." नंतर त्यानं स्वतःच ते दार डोक्यावर घेतलं आणि घरी नेऊन गोठ्याला बसवलं. मेहुणीनं हळद गरम केली.

पुढच्या आषाढात बघू, असं तो दरवर्षी म्हणायचा. मग त्याला शुगर निघाली. पायाची जखम भरेना, नांदेडच्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि इतक्या वर्षांत जे भाकरी सोडून झालं नव्हतं ते आपोआप व्हायला लागलं. सदरे ढगळ झाले. दारातून तो सरळ आत जायला लागला. वखरावर बसायला त्याला कोणी बोलवेना. लोकांनी पुन्हा धोंडे शोधले. मी लग्नात वाऱ्याच्या अंगाला चार चार खुंटे ठोकायला लागलो. आणि तो मात्र खूश! दवाखान्यातल्या काट्यावरून उतरून मला म्हणाला, "साडूभाऊ, बसलो बरं का तक्त्यात! रेघेच्या वर आलो. आता लहान पतंग पुरंल." त्याच्यासमोर मी हो म्हणालो, आणि दवाखान्याच्या मागं जाऊन रडलो. त्याच आठवड्यात रेनकोटचं कापड आणलं आणि तक्त्यातल्या चौकटीत लिहिलेल्या मापाचा, एकच, नीट पतंग शिवला.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हाही आषाढच होता. मी माझा टेम्पो घेऊन गेलो. आत नवरा-नवरीला बसवायची मखमली खुर्ची होती, तिच्यात साडूला बसवलं. लग्नात घोडं मिळालं नव्हतं, पण त्या दिवशी तो नवरदेवाच्या थाटात नांदेडहून गावापर्यंत आला. मेहुणी शेजारी त्याचा हात धरून बसली होती. पाणी दिसायला लागलं तसं त्यानं मला टेम्पो थांबवायला लावला. "जरा काठावर घ्या. पतंग आणलाय न्हवं?" पतंग आणला होता. पण साडूला पाय टेकून उभं राहता येईना.

मी खाली उतरलो, एक हात त्याच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उचललं. सहज उचलला गेला. मी एकट्यानं, तोही ह्या वयात. साडूनं मान वाकवून खाली बघितलं. त्याचे पाय वाऱ्यात लोंबत होते. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग लहान लेकरासारखा हसला.

"सुटले की हो पाय, साडूभाऊ."

"व्हय."

"पतंगाबिगरच?"

"व्हय. वारंच तसं हाय आज."

मी त्याला पाण्यापर्यंत नेलं आणि तसाच उभा राहिलो. मेहुणी पदर तोंडाला लावून मागं थांबली होती. जड माणसाला उचललं की हात भरून येतात, खांदे दुखतात, कधी एकदा खाली ठेवतो असं होतं. मी वाट बघत होतो. हात भरून आलेच नाहीत.