माईकाकू आणि नदीपलीकडची गल्ली

माईकाकू कुणाला हॉटेलचं नाव सांगत नसत, गल्ली सांगत. "हॉटेलं काय, आज आहेत, उद्या बंद. गल्ली चांगली मिळाली की बाकीचं जमतं," असं त्यांचं म्हणणं. नीउ-व्हेनेप किंवा हूफडॉर्प या आमच्या डच गावांमधलं कुठलंही मराठी कुटुंब चियांग माईला निघालं की तिकिटं काढण्याआधी काकूंकडे एक चक्कर टाकून येई. थायलंडच्या उत्तरेकडच्या त्या शहरात काकू तीन वर्षं राहिल्या होत्या. काका तेव्हा तिथल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होते. 'माई' हे नाव त्या शहरावरूनच पडलेलं. मी मात्र वर्षभर ते त्यांचं माहेरचं नाव समजत होते.

मी आणि माझा नवरा केदार काकूंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी लॅपटॉपवर नकाशा उघडायला लागले. "राहू दे ते," काकू म्हणाल्या. "सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा काय करावंसं वाटतं तुम्हाला?"

"चांगली कॉफी," केदार म्हणाला.

"आणि तुला गं, मानसी?"

"नुसतं चालत सुटावंसं वाटतं."

"म्हणजे याला निम्मान आणि तुला नदीकाठ. एकत्रच जाणार आहात ना?" त्या मोठ्यांदा हसल्या आणि टेबलावरच्या प्लॅस्टिकवर बोटाने शहर काढू लागल्या. हा चौकोन म्हणजे जुनं शहर, भोवती खंदक, आत देवळंच देवळं. चार दिवसांसाठी छान, पण सगळे पर्यटकच. इकडे निम्मान, कॉफीची दुकानं भरपूर, डोक्यावरून विमानं जातात. वर सांतिथाम, महिनाभर राहणाऱ्यांनी तिथे राहावं, जेवण घरच्यासारखं. आणि पिंग नदीच्या पलीकडे वात केत. "तिथे संध्याकाळी कुणी घाईत नसतं. आणि मार्चमध्ये जाऊ नका बरं. शेतं जाळतात. धुरात डोंगरसुद्धा दिसत नाही."

हे सांगताना त्यांचा एक कान आतल्या खोलीकडे होता. तिथे काका पडून असत. पाच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं 'अगं', 'पाणी', 'नको' एवढ्यावर आलं. आतून 'अगं' आलं की काकू वाक्य अर्धं टाकून उठत. परत येऊन बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करत.

चियांग माईहून परतल्यावर मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊ लागले. तेव्हा लक्षात आलं, काकू चाळीस मिनिटांच्या वर कधी बाहेर नसत. सुपरमार्केट, औषधांचं दुकान, घर. इतक्या भरभर चालत की माझी सायकल हातात धरून त्यांना गाठताना मला धाप लागे. घरी मदतीला बाई मिळत होती, पण परक्या बाईने हात लावला की काका चमचा भिरकावत. मुलगा कॅनडात. दर रविवारी स्क्रीनवरून "आई, स्वतःची काळजी घे" म्हणे.

एकदा रस्त्यात त्या म्हणाल्या, "चियांग माईत मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी चालले गं. पुण्यात सासरी कुणी ना कुणी बरोबर असायचंच. तिथे मला ओळखणारंच कुणी नव्हतं. दोन-दोन तास चालायचे." मी विचारलं, इथे कंटाळा येत नाही का? "कंटाळा यायला बसावं लागतं," त्या म्हणाल्या आणि घड्याळ बघून पुढे निघाल्या.

शेवटी त्यांच्या हाउसआर्ट्सनेच, म्हणजे घरच्या डॉक्टरने, विषय काढला. असंच चाललं तर तुम्हीच आजारी पडाल. शेजारच्या गावात एक शुश्रूषागृह आहे, तिथे दहा दिवस रुग्णाला ठेवून घेतात, तेवढी तुम्हाला विश्रांती. मला जानेवारीत पुन्हा चियांग माईला जायचं होतं आणि केदारला रजा नव्हती. "काकू, चला माझ्याबरोबर," मी म्हणाले. दोन आठवडे त्या 'छे' म्हणत राहिल्या. मग एक दिवस मी गेले तर टेबलावर पासपोर्ट काढून ठेवलेला.

"आता गल्ली तुम्हीच ठरवायची," मी म्हणाले.

लोकांची गल्ली पाच मिनिटांत ठरवणाऱ्या काकूंनी स्वतःसाठी तीन आठवडे घेतले. आधी वात केत. मग जुनं शहर, कारण तिथून हॉस्पिटल जवळ. "आपल्याला हॉस्पिटल कशाला?" "असलेलं बरं." मग निम्मान, कारण तिथे फोनला रेंज चांगली. मला हसू यायला लागलं. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा काय करावंसं वाटतं?

"सात वाजता यांची गोळी."

"काकू, तिथे गोळी नाही."

"तेच तर." त्यांनी टेबलावरच्या प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं. "मग काय करायचं असतं, तेच आठवत नाहीये मला."

माझं हसू तिथेच विरलं. अखेर वात केतमधल्या एका गल्लीच्या टोकाशी दोन खोल्या ठरल्या.

निघायच्या चार दिवस आधी आम्ही काकांना ते शुश्रूषागृह दाखवायला नेलं. चाकाची खुर्ची मी ढकलत होते. काकूंनी सांगायचं वाक्य घोकून ठेवलं होतं. खोलीतल्या खिडकीपाशी त्या काकांसमोर वाकल्या. "अहो, दहाच दिवस. अकराव्या दिवशी मी येते."

काका आता ओरडणार म्हणून मी खुर्ची घट्ट धरली. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डावा हात जरासा उचलून म्हणाले, "जा."

इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. "मानसी, मी येत नाहीये."

"अहो, काका तर हो म्हणाले!"

"ओरडले असते ना, तर गेले असते गं. काही फेकलं असतं, तर नक्की गेले असते. 'जा' म्हणाले. आता कशी जाऊ, सांग."

मला राग आला. मी तडक फोन ठेवला. त्याची लाज मला अजून वाटते.

मी एकटीच गेले आणि त्या गल्लीत राहिले. एका संध्याकाळी नदीवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. "तू बोलू नकोस, नुसता फोन धर," त्या म्हणाल्या. मी फोन समोर धरून पुलावरून चालत राहिले. पाच-सहा मिनिटांनी पलीकडून 'अगं' ऐकू आलं. स्क्रीनवर काकूंच्या स्वयंपाकघराचं छत दिसायला लागलं. फोन टेबलावर ठेवून त्या पळाल्या होत्या. मी थोडा वेळ त्या छताकडे बघत उभी राहिले, मग कॉल बंद केला.

पुढच्या वर्षी केदारच्या नोकरीमुळे आम्ही आइंडहोवनला आलो. निरोप घ्यायला गेले तेव्हा काकू दारापर्यंतच आल्या. नंतर फोनवर कळलं, काकांनी एका बाईंना कसंबसं चालवून घेतलंय. दर बुधवारी त्या तीन तास येतात.

गेल्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा विचारलं, बुधवारी काय करता?

"ट्रेनने हूफडॉर्पला जाते. कॉफी पिते, परत येते." मग आतल्या खोलीकडे बघत आवाज खाली आणून म्हणाल्या, "गेल्या बुधवारी समोरच्या, उलट दिशेच्या फलाटावर जाऊन उभी राहिले. गाडी आली, बसले. लायडनला उतरले."

"काय काम होतं?"

"काही नाही. कालव्याच्या कडेने चालले. यायला उशीर झाला. त्या बाई कोट घालून दारात उभ्या."

"आणि काका?"

"बघत होते. मी म्हटलं, गाडी लेट झाली." त्या किंचित हसल्या. "हार्लेम लांब पडेल का गं, तीन तासांत?"

"नाही पडत," मी म्हणाले. तेवढ्यात आतून हाक आली आणि त्या उठल्या.