व्हरमाँटच्या घाटात राहिलेला डबा

आमच्या गावाच्या वेशीवर एक चिंच आहे. तिच्यावर हडळ बसते असं सगळं गाव म्हणायचं, आणि मी दर उन्हाळ्यात त्याच चिंचेखाली बसून मीठ लावून चिंचा खायची. हडळीनं एकदाही हटकलं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई पहिल्यापासूनच तसली असणार. देव मानते मी. घाटातल्या देवीला हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. पण भूतबित... नाही बाई.

शाळा मी नववीत सोडली, तेव्हा लिहिण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. मी मूळची आजऱ्याकडची. मिस्टरांच्या पुण्याच्या कंपनीनं त्यांना मशीन दुरुस्तीच्या कामावर न्यू जर्सीला पाठवलं, म्हणून आम्ही २००२ साली पिस्कॅटवेला आलो. इंग्लिश येत नाही, गाडी येत नाही, थंडी सोसत नाही... पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. मग आमच्याच बिल्डिंगमधल्या सॉफ्टवेअरवाल्या मुलांना माझ्या आमटीचा वास गेला. प्रसाद, आमच्या वरच्या मजल्यावरचा, तो पहिला आला. हळूहळू सगळेच ‘मावशी, मावशी’ करत डबे न्यायला लागले. त्या पोरांनी मला माणसांत आणलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तक्रार एकच. डबे परत यायचे ते रिकामे, वर अर्धवट धुतलेले.

“प्रसाद, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात.”

“मावशी, साखर पण तुमच्याच घरातून न्यावी लागेल यार!”

याच मुलांनी २००४ च्या ऑक्टोबरात आमची ट्रिप ठरवली. “मावशी-काकांनी मॉल आणि देऊळ सोडून काही बघितलंच नाही” म्हणाले. भाड्याची गाडी बुक केली, रस्त्याचे प्रिंट काढून दिले, व्हरमाँटमध्ये डोंगरापलीकडच्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो.

मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त. ह्यांना डायबिटीस आहे, इन्सुलिन घेतात. साखर उतरली की पहिल्यांदा घाम फुटतो, मग बोलणं भरकटतं. म्हणून मी एक कडीचा स्टीलचा डबा कायम जवळ ठेवायची — बेसनाचे लाडू आणि वर कागदात बांधलेली खडीसाखर. डबा माझ्या आईचा. झाकणावर तिचं नाव घातलेलं. तो डबा म्हणजे माझ्या लेखी औषधाची पेटीच.

दुसऱ्या दिवशी डोंगर लागले. काय सांगू तुम्हाला... अख्खे डोंगर हळद-कुंकू उधळल्यासारखे! मध्येच पांढरं चर्च, तांबडी गोठ्यांची घरं, गाई अशा स्वच्छ की नुकत्या धुवून आणल्यात वाटावं. एका वळणावर भोपळे नि सफरचंदं मांडलेली, आणि दुकानदारच नाही. पैसे डब्यात टाका आणि न्या. हे म्हणाले, “बघ, हा देश असा आहे.” मला भरूनच आलं. परक्या देशात परक्या माणसावर इतका विश्वास कोण टाकतं?

पुढे घाट चढत असताना वळणावर मला एक छोटं पांढरं काहीतरी दिसलं. फुलं वाहिलेली, शेजारी दगड रचलेले.

“अहो, थांबा थांबा. घाटातलं देवस्थान आहे.”

ह्यांनी गाडी कडेला घेतली. मी डबा घेऊन उतरले. दगडावर एक लाडू ठेवला, हात जोडले, “सुखरूप पलीकडे ने” म्हटलं. हे मागून आले आणि हळूच म्हणाले, “सुमन, हा देव नव्हे. क्रॉस आहे. इथे अपघातात कुणीतरी गेलंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्रॉसवर नाव होतं, पण पावसानं पुसट झालेलं. एक लोकरीची टोपी अडकवलेली... कुणाच्या तरी आईनं विणलेली असणार.

“मग राहू दे लाडू,” मी म्हटलं, “उपाशीच असेल बिचारा.”

तेवढ्यात लाकडं भरलेला एक मोठा ट्रक वळणावर आला. आमची गाडी निम्मी रस्त्यात. “चल, चल!” करत हे धावले, मीही धावले. गाडी निघाली. डबा तिथेच दगडावर राहिला. आणि हे मला कळलंच नाही.

त्या दिवशी जेवण लांबलं. पुढचा रस्ता कामासाठी बंद होता, वळसा घालावा लागला, आणि प्रिंटवर तो वळसा नव्हताच. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना रान. मी म्हटलं, “दोन घास खाऊन घ्या.” तर हे म्हणतात, “अगं, आता स्वारगेट आलंच की.”

मी वळून बघते तर कपाळावर घाम. “गाडी थांबवा! अहो, थांबवा आधी!” कशीबशी थांबवली. मी पायाशी हात घातला — डबा नाही. मागच्या सीटवर नाही. आणि लख्खकन आठवलं... दगड. लाडू. ट्रक.

फोनला रेंजचा एक दांडा नाही. मला गाडी चालवता येत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हे सीटवर मान टाकून पुटपुटतायत, हात गार. घरी खायला इतक्यांना घालणारी मी, आणि नवऱ्यासाठी साखरेचा दाणा नाही! त्या वेळी जे वाटलं ते वैऱ्यालाही वाटू नये.

डिकीत बॅगा होत्या. एखादं बिस्किट, चॉकलेट, काहीही सापडेल म्हणून चावी काढून डिकी उघडली.

बॅगांच्या वर डबा होता.

आईचा डबा. आईचं नाव. कडी लावलेली. सकाळी बॅगा ठेवल्यापासून डिकी उघडलीच नव्हती. पण तेव्हा विचार कुठला करतेय! डबा उचलला तर बूड कोमट लागलं. कडी काढली... लाडू नाहीत, खडीसाखरेचा कागद नाही. आत गुळाचे खडे. तांबूस, ओबडधोबड, काठोकाठ.

एक खडा फोडून ह्यांच्या तोंडात दिला. “चघळा. चघळा हो.” चघळला. दुसरा दिला. मग पाणी. मग आणखी एक. थोड्या वेळानं डोळे माझ्यावर स्थिरावले.

“गूळ कुठला आणलास?” पहिला शब्द हा. “धुराचा वास येतोय याला.”

मी तिथे रस्त्यावर बसून जी रडले...

मग एक जुनी पिकअप गाडी आली. त्यातल्या आजोबांनी काच खाली करून विचारलं, “यू फोक्स ओके?” मला दोनच शब्द आले, “ओके. थँक्यू.” तरी हे गाडी चालवण्यासारखे होईपर्यंत आजोबा थांबले आणि पत्ता बघून खोलीच्या दारापर्यंत आमच्यापुढे गाडी चालवत आले. अशी माणसं!

घरमालकीण बाईंनी खडा चाखला आणि डोळे मिटले. ह्यांनी मला मराठीत सांगितलं ते असं — हा गूळ नाही, ही मेपलच्या झाडाच्या रसाची साखर. इकडे पूर्वी घरोघर करायचे. पण रस निघतो तो बर्फ वितळताना, वसंतात. “ऑक्टोबरात कोण चूल पेटवणार? आणि ही तर आजची वाटतेय. कुणी दिली?”

मला एवढंच आठवत होतं की दारी आलेल्या वाटसरूला आमच्याकडे आधी गूळ-पाणी देतात.

घरी आल्यावर मुलांनी उलटतपासणी घेतली. प्रसाद म्हणाला, “मावशी, गडबडीत तुम्हीच डबा डिकीत टाकला असेल.” असेल बाबा. मग लाडू कुठे गेले? “काकांनी खाल्ले!” हे म्हणाले, “खाल्ले असते तर साखर उतरली असती का रे, गाढवा?” सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी प्रसादचा डबा परत आला तो घासूनपुसून, आत एक केळं. तेव्हापासून एकाही पोराचा डबा रिकामा आलेला नाही.

माझा मात्र हिशेब राहिला होता. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी लाडू दोन डब्यांत — एक ह्यांचा, तो मी मांडीवरून हलवला नाही, आणि एक आईचा. क्रॉस तिथेच होता. टोपी नवी होती, निळी. म्हणजे ती आई अजून येते.

मी आईचा डबा दगडावर ठेवला, कडी लावून. हे म्हणाले, “अगं, लाडू ठेव, डबा तरी घे. आईची आठवण आहे.”

“राहू दे. त्याच्याकडे हक्काचा राहील.”

गाडीशी येऊन एकदा मागे बघितलं. ऊन झाकणावर पडलं होतं, बाकी काही नाही. तो डबा परत आलेला नाही. त्या दिवशी तो डिकीत कुणी ठेवला, साखर कुणी केली, कोमट कशी राहिली — यातलं काहीही मला आजवर उमगलेलं नाही आणि उमगेल असं वाटतही नाही. हे शेजारी बसून बिनसाखरेचा चहा पितायत आणि “लिही, लिही, माझं स्वारगेट पण लिही” म्हणतायत.

मला एवढंच ठाऊक आहे की मीही डबा रिकामा दिला नाही.