रोडग्यांची राख

गावाचं सांडपाणी उताराला जातं आणि उताराला आमची बौद्ध वस्ती आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीनं ते पाणी शुद्ध करायचं ठरवलं, तेव्हा जागा शोधायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. आमच्या घरामागंच हौद बांधला, त्यापुढं खडीचा लांब वाफा केला आणि त्यात कर्दळ लावली. गटाराचं पाणी हौदात निवळायचं, खडीतून झिरपायचं आणि पार टोकाला स्वच्छ होऊन निघायचं. त्यावर बाबांची वांगी पिकायची. कर्दळ फुलली की बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून न्यायचे, "पाहा, हे आमच्या गावाचं गटार!"

मला पाहायला दुसरबीडचे पाहुणे येणार होते. बाबांनी त्यांना फोनवरच सांगून टाकलं, घरामागं बाग आहे म्हणून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

त्याच आठवड्यात वरच्या गावात एका घरी रोडग्यांचं, म्हणजे भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण होतं. पहिल्यांदाच आमच्या वस्तीलाही आवतण आलं, तेही एकाच पंगतीत. आई हरखून गेली. तर्रीदार वांग्याची भाजी आम्ही बोटं चाटून खाल्ली. जेवणं उरकल्यावर आई आपण होऊन भांडी घासायला बसली आणि तिच्यामागं वस्तीतल्या बायाही बसल्या. रोडगे भाजलेल्या गोवऱ्यांची राख ढिगानं पडली होती, तीच घेतली. सगळं तेल आणि सगळी राख गटारात गेली, तिथून खडीत. खडी बुजली, पाणी वाफ्यावर तुंबलं आणि नेमका पाहुण्यांच्या दिवशी घरात बसवेना असा वास सुटला.

आईनं मोगऱ्याच्या अगरबत्त्या लावल्या. त्यानं तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. मी पोहे नेले, मुलाच्या आईनं ताटली हातात धरली, घास काही घेतला नाही. मुलगा बिचारा मान खाली घालून खात होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"वास कायचा येऊन राह्यला?" मुलाच्या आईनं विचारलं. "तुमचीच घाण हाय काय?"

गावाची आहे, असं बाबांना सांगता आलं असतं. माझ्या तर जिभेवर आलं होतं. पण बाबांनी आईकडे पाहिलं. पंगतीवरून आल्यापासून ती त्या मानाशिवाय दुसरं काही बोलतच नव्हती.

"हाव," बाबा म्हणाले. "आमचीच हाय."

पाहुण्यांनी आपसात कुजबुज केली. मग मुलाची आई म्हणाली, "पोरगी पसंत हाय आमाले. पण लगन आमच्या दारी करू. इथं पाव्हणे जेवतील कसे?"

माझ्या लग्नाचा मांडव आपल्या अंगणात घालायचा, ही बाबांची एकच हौस होती. वर्षभरापासून ते जागा सारखी करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मला कळत होतं.

"बरंच होईल, बाबा," मी म्हणाले.

सकाळी ते खडी उपसायला वाफ्यात उतरले. मी फावडं घेऊन मागोमाग गेले.

"तू नको येऊ," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तुले वास येते."