डब्बेवाले सर

डब्बेवाले सरांना मी आमच्या शाळेत कधी खुर्चीत टेकलेलं पाहिलं नाही. ते आले की मी खुर्ची पुढे करायची, ते तिच्यावर आपली शबनम ठेवायचे आणि स्वतः दाराशी, खिडकीशी, फळ्याशी असे फिरत राहायचे. चहासुद्धा उभ्यानेच, दोन घोट इथे, दोन व्हरांड्यात. "बसा की सर," म्हटलं की उत्तर ठरलेलं असे, "बसलो की गंजतो मॅडम मी. लोखंडातला माणूस हाय."

लोखंडाची गोष्ट खरी होती. तरुणपणी ते जालन्यात सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते आणि तिथेच त्यांचा डावा हात कोपराखाली गेला. पुढे एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचराची नोकरी मिळाली. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या तासासाठी प्रयोग मांडण्यात आणि तास संपल्यावर नळ्या धुण्यात काढली. "मी सर न्हाई मॅडम, नळ्या धुणारा हाय," असं पहिल्याच भेटीत त्यांनी मला बजावलं होतं. पोरांनी ते मानलं नाही. पोरांच्या लेखी सर तेच होते, आम्ही बाकीचे नुसते शिक्षक.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हायस्कुलातली प्रयोगशाळा कुलपातच राहू लागली. सरांना ते बघवेना. त्यांनी स्वतःच सामान जमवलं आणि जिथे प्रयोगशाळा हा शब्द फक्त पुस्तकात आहे अशा आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या शाळांत जायला सुरुवात केली. सामान तीन सुटकेसांत असायचं. एकीत हवा-पाण्याचं, एकीत विजेचं, एकीत उजेडाचं. तिन्हींना चाकं होती, पण माणसाला हात एकच असला की सुटकेसही एकच ओढता येते. आणि "जरा ही धरता का?" असं कुणाला म्हणणं सरांच्या जिभेला जमत नसे.

त्यावरचा उपाय त्यांना घनसावंगीच्या रस्त्यावर सापडला. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक ओढत ट्रॅक्टर चालला होता आणि त्याच्या मागे सरांची जीप अडकली होती. जीपमधले बाकीचे ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होते. सर मान बाहेर काढून दोन ट्रॉल्यांच्या मधला सांधा बघत होते. "पुढं एकच इंजन अन् मागं दोन ट्रॉल्या. म्हणलं, आपुन काय कमी हाय?" हे सांगताना त्यांचा उरलेला हात हवेत स्टिअरिंग फिरवायचा.

नवीन जालन्यात स्टेशनाजवळ हबीबभाई बॅगा दुरुस्त करायचे. सर त्यांच्या टपरीवर जाऊन उभे राहिले. आधी पट्ट्याने तिन्ही सुटकेसा जोडून झाल्या. सपाटीला ठीक चाललं, पण पहिल्याच उतारावर मागच्या दोन सुटकेसा धावत येऊन सरांच्या टाचांवर आदळल्या. "पट्ट्यानं ओढता येतं, थांबवता येत न्हाई," असा धडा घेऊन ते परत टपरीवर. मग लोखंडी पट्टी आली. ती वळणावर अडकू लागली. मग प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला भोक, भोकात सैल पिन, पिनेला बोट घालायला कडी. ह्या खेपांना कंटाळून हबीबभाई म्हणाले, "सर, इतने में तो मैं आपको असली रेल का डिब्बा बना के देता!" सर म्हणाले, "डब्बा न्हाई, मला सांधा पायजे. डब्बे काय, कुठं बी भेटतात." शेवटी जमलं. डांबरी असो, फरशी असो, तीन सुटकेसा त्यांच्यामागे शहाण्यासारख्या वळायला लागल्या.

खरी तारांबळ एसटीत चढताना उडायची. सुटकेसा सोडाव्या लागत. सर वाकून कडीत बोट घालून दोन्ही पिना उपसायचे आणि हरवू नयेत म्हणून दातांत धरायचे. मग एकेक सुटकेस वर. कंडक्टर ओरडायचा, "ओ काका, ही काय मालगाडी हाय का? जल्दी करा!" तोंडात पिना असल्यामुळे सरांना उत्तर देता येत नसे. ते उत्तर मग आमच्या शाळेत येऊन पोरांसमोर द्यायचे.

मी तेव्हा या भागात नवी होते. घर लांब, गावात ओळख नाही, बदलीचा अर्ज टाकलेला. माझं लक्ष कायम शनिवारकडे असायचं. सरांनी ते ओळखलं असावं. एकदा सामान आवरता आवरता म्हणाले, "मॅडम, तुम्ही बी उभ्यानंच ऱ्हाता इथं. फरक येवढाच, मी पोरांकडं बघून उभा ऱ्हातो, तुम्ही फाट्याकडं." मला राग आला होता. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रयोगांना मागे न थांबता पोरांत जाऊन बसू लागले.

त्यांचा आवडता प्रयोग मेणबत्तीचा. ताटात रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. पोरं टाळ्या पिटायची. सर म्हणायचे, "टाळ्या मंग. आधी सांगा, का?" एक जण पुस्तकातलं सांगायचा, ऑक्सिजन संपला म्हणून. "मंग मेणबत्ती जळून राह्यली तवाच का न्हाई चढलं? इझल्यावर का?" आणि त्या प्रश्नावर पोरांना सोडून ते सुटकेसांना पिना लावायला घ्यायचे. पुढच्या खेपेपर्यंत पोरं माझा जीव खायची. तापलेली हवा पसरून बाहेर जाते, उरलेली गार झाली की आकसते, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी रात्री पुस्तकं धुंडाळून ते शिकले.

मग एका सोमवारी सर आले. नेहमीप्रमाणे चाकांचा खडखडाट झाला, पोरं फाटकाकडे धावली आणि तिथेच थबकली. एक मुलगी म्हणाली, "सर, तिसरा डब्बा?"

"हाय की मागं," सर न वळता म्हणाले. मग वळले. मागे दोनच सुटकेसा होत्या. विजेची सुटकेस एसटीतच राहिली होती आणि एसटी पुढे घनसावंगीला निघून गेली होती.

मी स्कूटी काढली. सर मागे बसले, पण सारखे माझ्या खांद्यावरून वाकून "जरा दाबा, जरा दाबा" करत होते. स्टँडवर पोचलो तर मोकळ्या जागेत मधोमध आमची सुटकेस आणि भोवती लांबवर माणसांचं कडं. बेवारस बॅग म्हणून कंडक्टरने ती उतरवून ठेवली होती. कुणीतरी झाकण किलकिलं करून पाहिलं, आत वायरी आणि बॅटऱ्या दिसल्या आणि तो पळत सुटला. एक हवालदार शिट्टी वाजवून लोकांना मागे सारत होता. सर थेट आत घुसले.

"ओ, तिकडं कुठं? मागं व्हा!"

"माझी हाय ती."

"तुमची? काय हाय मंग तिच्यात?"

"वीज," सर म्हणाले.

कडं आणखी दहा पावलं मागे सरकलं. सरांनी गुडघ्यावर बसून झाकण उघडलं, एका हाताने दोन तारा जोडल्या आणि भर दुपारी स्टँडवर इवलासा दिवा लागला. मग घंटी वाजली. मग सरांनी हवालदारालाच हाक मारली, "या साहेब, हे बटन दाबा." त्याने बोट लांबूनच पुढे केलं, घंटी वाजली तसा दचकला आणि सगळा स्टँड हसला. लांब उभा राहिलेला घोळका जवळ आला. अर्धा तास सरांनी तिथे तास घेतला. मीही हसत होते.

परतताना सुटकेस सरांनी आमच्या दोघांच्या मध्ये धरली होती. फाट्याच्या अलीकडे म्हणाले, "थांबवा जरा." उतरून ते कपाशीच्या कडेने चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले.

"मॅडम, पिना दोन्ही माझ्या तोंडात होत्या."

"होतं सर असं. मीही विसरते."

"इसरणं येगळं. मी खाली उतरलो, दोन डब्बे जोडले, अन् मला ते पुरे वाटले. एक पिन उरली तरी बी मला काही वाटलं न्हाई. तिसरा हाय, हेच ठाऊक न्हवतं मला."

मी स्कूटी चालू केली.

त्यानंतर सुटकेसांवर पांढऱ्या रंगाने एक, दोन, तीन असे आकडे आले. मग सरांच्या सोबत त्यांची बायको, आमच्या काकू, येऊ लागल्या. "जयभीम मॅडम," म्हणून त्या माझ्या खुर्चीत बसायच्या आणि त्यांची नजर सरांवरून हलायची नाही. एका आठवड्यात सर मंगळवारी आले आणि बुधवारी पुन्हा आले. तेच ताट, तीच मेणबत्ती. "आज तुम्हाला येक गंमत दावतो," त्यांनी सुरुवात केली. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. पण पाणी चढलं तेव्हा सगळा वर्ग काल पाहिलंच नव्हतं असा ओरडला. खिडकीशी काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

दिवाळीनंतर त्यांची लेक पुण्याहून आली. डॉक्टर तिकडचे, औषधं तिकडची, आई एकटी किती करणार, सगळं तिचं बरोबर होतं. सर तिच्याशी भांडले. "पुण्यात मी काय करू? गॅलरीत गंजू?" लेक म्हणाली, "पप्पा, मागच्या महिन्यात तुम्ही अंबडला उतरून दिवसभर फिरत होते. मला कुणीतरी अनोळखी माणसानं फोन केल्ता." त्यावर त्यांनी सुटकेसा आवरायला घेतल्या.

जायच्या आधी गाडी करून ते आमच्या शाळेवर आले. तिन्ही सुटकेसा त्यांनी स्वतः व्हरांड्यापर्यंत ओढत आणल्या. वाकून दोन्ही पिना उपसल्या, दातांत न धरता माझ्या हातावर ठेवल्या. "उजेडाच्या डब्ब्यात भिंगं हायेत. पोरांना हात लावू द्या, फुटलं तर फुटलं." मग ते फाटकाकडे निघाले. मागे काही ओढायचं नव्हतं. तो रिकामा हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागे, शेवटी लेकीने तो हातात धरला.

मागच्या आठवड्यात मी मेणबत्तीचा प्रयोग मांडला होता. पोरं म्हणाली, सरांना फोन लावा. मी घाबरतच स्पीकरवर लावला. काकू म्हणाल्या, "ते हल्ली बोलत न्हाईत फारसं. दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत." मागून पोरांचा गलका चालू होता. तो त्यांच्या कानावर गेला असावा, कारण एकाएकी सरांचाच आवाज आला.

"किती पोरं हायेत?"

"बावीस, सर!" सगळी ओरडली.

"मागच्यांना दिसतंय का? पुढचे खाली बसा. ताटात पाणी घ्या. मेणबत्ती पेटवा. आता ग्लास पालथा घाला. मंग..." आणि आवाज थांबला. आम्ही वाट पाहिली. "मंग..." ते पुन्हा म्हणाले.

ग्लासात मेणबत्ती विझली. पोरं फोनकडे बघत होती, मी पोरांकडे. तेवढ्यात पुढची एक मुलगी फोनवर वाकून म्हणाली, "सर, पाणी चढलं."

"किती?"

तिने ग्लासाला बोटं लावून मोजलं. "दोन बोटं, सर."

"बराबर," सर म्हणाले. "आता समदं पुसून कोरडं करून ठेवा. उद्या दुसऱ्या शाळेत जायाचं हाय."

"हो सर," पोरं म्हणाली. मी फडकं घेतलं आणि ताट पुसायला लागले.