ढाळ दिलेले पाइप

नळवाल्याचा लेक बोलायला फार गोड. बापाला वृद्धाश्रमात ठेवून त्याच्या खोलीत ऑफिस थाटायचं त्याने कधीच ठरवलं होतं. फक्त लोक काय म्हणतील, एवढाच काटा सलत होता. म्हाताऱ्याने काकुळतीला येऊन विचारलं, मी घरापुरती भाजी पिकवली तर राहू द्याल ना? लेक हसून म्हणाला, एकदा ताटात येऊ द्या, मग खोली तुमचीच. म्हाताऱ्याला ती काळ्या दगडावरची रेघ वाटली. जन्मभर लोकांच्या मोऱ्या मोकळ्या केल्या, स्वतःची अक्कल तेवढी तुंबलेली राहिली.

खोलीच्या बाल्कनीत त्याने जुने उरलेले पाइप आडवे टांगले, एल्बोंनी जोडले, त्यांना वरून भोकं पाडली. भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत पालकाची रोपं. माती नाहीच. खालच्या पिंपातला पंप खताचं पाणी मुळांवरून फिरवायचा. फक्त हाताच्या सवयीने त्याने पाइपांना सांडपाण्याच्या नळाला देतात तसा भरपूर ढाळ दिला. पाइपात पाणी साचणं म्हणजे त्याच्या लेखी नामुष्की. पंप थांबला की थेंब उरत नाही, हे त्याने लेकाला कौतुकाने दाखवलंही. बापाचं काम लेकाने मन लावून पाहण्याची ती पहिलीच खेप.

पालक तरारला. सून शेजारणींना फोटो दाखवू लागली, तशी लेकाला खोली हातची जाताना दिसली. उद्या भाजी खुडायची, तर आज सकाळी तो म्हणाला, बाबा, डोळे तपासून या, रोपांकडे मी बघतो. म्हातारा भरून पावला. तो जिना उतरला आणि लेकाने पंप बंद केला. दिवसभर ऊन रणरणत होतं. बाप गल्लीच्या टोकाशी दिसल्यावर त्याने बटण पुन्हा दाबलं.

म्हातारा आला तेव्हा पंप व्यवस्थित चालू होता आणि पालक चिंध्यांसारखा लोंबत होता. त्याने पाइपांवर उतार मोजायची पाणसळ ठेवून पाहिली.

"माझाच हात चुकला रे. ढाळ जास्त झाला, पाणी ठरतच नाही. मुळं तहानेने मेली."

"होतं असं, बाबा," लेक म्हणाला. "वय झालं आता."

त्या आठवड्यात म्हाताऱ्याने एकेक सांधा स्वतःच सोडवला, जागा लवकर रिकामी व्हावी म्हणून. निघताना सून रडायला लागली, तर तिचीच समजूत घातली.

"त्याला बोल लावू नकोस, पोरी. दिवसभर घरी थांबून त्याने माझी रोपं सांभाळली होती."

लेकाने मान डोलावली आणि बापाची पिशवी गाडीत ठेवली.